दुसऱ्या बाजूचं बटण

यशोधराने मशीनची मागची फळी काढून भिंतीला टेकवली आणि धुळीत हात घालून स्पीकरची वायर चाचपली. वायर शाबूत होती. म्हणजे आवाज तुटत होता तो लाकडी खोक्याच्या दोषाने नव्हे, आत बसवलेल्या कॉम्प्युटरच्या दोषाने. तिने कमरेला बांधलेली ओढणी घट्ट केली, पुढच्या बाजूला आली आणि कीबोर्ड मांडीवर घेऊन फरशीवरच बसली.

"झालं का?" वडिलांनी स्टुलावरून विचारलं.

"थांबा ना, पप्पा."

"थांबलोच आहे. सकाळपासून तेच करतोय. मिलिंद असता तर एव्हाना दोन डाव खेळून झाले असते."

"मग बोलवायचं त्याला पुण्याहून."

"बोलवलं होतं. नोकरी आहे त्याला."

नोकरी यशोधरालाही होती. एमआयडीसीतल्या एका रंगांच्या कंपनीत ती हिशेब बघायची. पण ती रविवारी रिकामी असते, हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं. मिलिंदला तिने आदल्या दिवशी फोन केला होता. "फॉरमॅट मार आणि सगळं परत टाक, ताई," असं सांगून त्याने फोन ठेवला होता.

महेंद्र, तिचे वडील, एके काळी उल्हासनगरात स्टेशनजवळ गेम पार्लर चालवत. लांबट गाळा, दोन्ही भिंतींना लागून मशीनं, दाराशी टोकनचा गल्ला. पुढे गल्लोगल्ली सायबर कॅफे उघडले, पोरं तिकडे वळली आणि महेंद्रनी गाळा सोडला. मशीनं भंगारात गेली. एक तेवढं त्यांनी टेम्पोत घालून अंबरनाथला, पश्चिमेच्या आपल्या तळमजल्यावरच्या घरात आणलं. त्यातलं गेमचं मूळ कार्ड जळल्यावर त्यांनी त्याच खोक्यात जुनाट कॉम्प्युटर बसवला आणि एम्युलेटर टाकला. कॉम्प्युटरला जुन्या मशीनचं सोंग वठवायला लावणारा प्रोग्राम तो. दांड्यांच्या आणि बटणांच्या वायरी त्यांनी एका कीबोर्डचं पोट फाडून त्याला स्वतःच्या हाताने सोल्डर मारून जोडल्या होत्या. कुणी बटण दाबलं, की कॉम्प्युटरला वाटायचं एक अक्षर टाइप झालं.

तेवढ्यावर राहिले असते तर ठीक होतं. पण गेल्या आठवड्यात बाजारात त्यांना नव्या एम्युलेटरची सीडी मिळाली, ती त्यांनी कुणाला न विचारता चढवली, आणि अर्धे गेम उघडेनासे झाले. प्रत्येक गेमवर फायली कमी असल्याची तक्रार. उभ्या पडद्यावरचे विमानांचे गेम आडवे झोपले होते. आवाज उचकी लागल्यासारखा येत होता.

यशोधराला उलगडा व्हायला दुपार लागली. फायली कमी नव्हत्या. नव्या प्रोग्रामला त्याच फायली नव्या रचनेत हव्या होत्या, आणि जवळचा साठा जुन्या रचनेतला होता. तिने नवा प्रोग्राम काढून जुना परत बसवला. चित्र उभं केलं. आवाजाची प्रत एक पायरी खाली आणली. उचकी थांबली.

"लागलं," ती म्हणाली.

वडिलांनी वाकून पडद्याकडे पाहिलं. "कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ."

दाराशी तांदूळ निवडत बसलेली आई, रखमा, हसली.

मग यादीचं काम निघालं. मशीन चालू केलं की गेमची यादी पडद्यावर यायची, दांडी वरखाली करून हवा तो निवडायचा. पण यादीत सगळा कचरा होता. एकच गेम चार देशांच्या चार नावांनी. कित्येक गेम वडिलांनी जन्मात पाहिलेले नव्हते. ते म्हणाले, मला माझ्या पार्लरमधलेच हवेत. आणि एबीसीडीने नकोत. पार्लरमध्ये शिरल्यावर डाव्या हाताला जे पहिलं मशीन, ते यादीत पहिलं. मग त्याच्या शेजारचं. मागच्या भिंतीशी वळायचं आणि उजव्या हाताने परत दाराशी यायचं.

"नावंही ती इंग्रजी नकोत. पोरं मागायची ती नावं टाक."

"सांगा."

त्यांनी डोळे मिटले. "टोपीवाला. मग विमान. मग बेडूक. मग ते पाणबुडीचं, त्याला सिंध्यांची पोरं मछली म्हणायची. मछलीच लिही."

ती लिहीत गेली. नको ते लपवत गेली, प्रत्येक गेम क्षणभर चालवून त्याचं चित्र टिपून नावाशेजारी लावत गेली. डोळे मिटून वडील पार्लरभर फिरत होते आणि त्यांच्या मागून ती. शाळा सुटल्यावर गल्ल्यावर बसून टोकनं देणारी ती, तिलाही तो रस्ता पाठ होता. एकदा ते अडले तेव्हा तिने "गुफावाला" म्हणून सुचवलं. त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. "हां. गुफावाला," ते म्हणाले, आणि त्या एका क्षणी तिला वाटलं की आता ते आणखी काही म्हणतील.

"मागची भिंत," ते म्हणाले. "तिथं हेच मशीन. दोन भाऊ."

'दोन भाऊ' हा जोडीने खेळायचा गेम. लाल टोपीचा भाऊ आणि निळ्या टोपीचा भाऊ छपरांवरून पळत सुटायचे, मध्ये एक तुटका पूल यायचा आणि त्यावरून नेमक्या वेळी उडी घेतली नाही तर तळाशी. जो पलीकडे पोचेल तो जिंकला.

"चल, एक डाव," वडील म्हणाले. "यादी बरोबर लागली का बघू."

ती उठली. ते डावीकडे सरकले. ते नेहमी डावीकडे बसायचे, लाल भाऊ त्यांचा. तिला त्यांनी हनुवटीने उजवी बाजू दाखवली.

ती बरी खेळली. छपरांवर तर ती त्यांच्या चांगली पुढे गेली. तिला पूल दिसायला लागला. डाव रंगात आला की वडिलांचा जुना गुडघा ठणकायचा आणि उजवा हात बटणावरून सुटून खाली गुडघा चोळायला जायचा, तसा तो आत्ताही गेला. त्यांचा लाल भाऊ क्षणभर थबकला. तिचा निळा भाऊ पुलाच्या टोकाशी आला. तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. निळा भाऊ चालत चालत टोकावरून खाली गेला.

लाल भावाने सावकाश येऊन पूल ओलांडला.

"मंद," वडील म्हणाले. रागाने नव्हे, चव घेत म्हणाले. "तेव्हाही हात मंद, आताही मंद. मशीनने तेव्हाच सांगितलं होतं."

"चहा टाकते," यशोधरा म्हणाली.

तेव्हा म्हणजे तिची बारावी झाली त्या जूनमध्ये. तिला सायन्सला चांगले मार्क होते, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळत होता. मिलिंदची दहावी झाली होती, त्याला डिप्लोमाला मिळत होता. दोघांचं एकदम झेपण्यासारखं नव्हतं. वडिलांनी भीमराव काकांना पार्लरमध्ये बोलावून घेतलं. काका विहाराच्या कमिटीवर होते आणि घरातला कुठलाही निर्णय त्यांच्या कानावर घालायची रीत होती. त्यांच्यादेखत वडील म्हणाले, "माझ्या घरात मुलगा-मुलगी भेद नाही. दोघं मशीनवर उभे राहा. दोघांनाही मशीनचंच शिकायचंय ना? मग मशीनच ठरवेल." मिलिंदला त्यांनी डावीकडे उभं केलं, तिला उजवीकडे. स्वतः मध्ये स्टूल घेऊन बसले.

पुलावर तिचं बटण चाललं नाही. तसं ती म्हणालीही होती. वडील तिच्या बाजूला झुकले, एका हाताने गुडघा चोळत दुसऱ्या हाताने त्यांनी तेच बटण दाबलं, आणि निळा भाऊ टुणकन उडाला. "चालतंय की," ते म्हणाले. "नाचता येईना, अंगण वाकडं." मिलिंद हसला. भीमराव काकाही हसले. त्यानंतर यशोधराने ते वाक्य पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. ती कॉमर्सला गेली. कुणी विचारलं तर वडील सांगत, "मी तर तयार होतो. तीच हरली."

ऑफिसात नवं मशीन आलं की ते पहिल्यांदा हाताळायला ती पुढे व्हायची नाही. एकदा तिथल्या साहेबाने तिला कॉम्प्युटरच्या कोर्सला पाठवायचं ठरवलं होतं. तिने शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं नाव सुचवलं.

सोमवारी सकाळी ती डबा भरत असताना न्हाणीघरात बादली कलंडल्याचा आवाज झाला. आईने दोनदा हाक मारली. दार मोडावं लागलं नाही, कडी ढिलीच होती. शेजाऱ्यांनी वडिलांना रिक्षात घातलं तेव्हाच त्यांचा हात ज्या तऱ्हेने लोंबत होता त्यावरून यशोधराला कळलं होतं. तरी ती दवाखान्यापर्यंत तो हात धरून बसली. बोटांना अजून सोल्डरचे जुने चटके होते.

मिलिंद दुपारी आला. तो खूप रडला. त्याला जवळ घ्यायला माणसं होती. यशोधरा सगळ्यांना पाणी देत होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी ठरला. बिल्डिंगच्या आवारात मांडव घालायचा, बौद्धाचार्य येतील, मग आदरांजलीची भाषणं, मग जेवण. उल्हासनगरहून पार्लरची जुनी गिऱ्हाईकं येणार, असा निरोप आला तेव्हा मिलिंदच्या डोक्यात एक कल्पना आली.

"मशीन मांडवात ठेवू या," तो म्हणाला. "चालू करून. मागे पप्पांचा फोटो, त्यावर गेमची लिस्ट. ताई, तू करशील ना? तुझंच सेटिंग आहे ते."

"कंपनीत तू करतोस ना ही कामं?"

"मी नेटवर्किंगमध्ये आहे, ताई. हे वेगळं."

तिने फोटो लावला. वडिलांचा चेहरा पडद्यावर आला आणि त्यांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत नावं उतरली. टोपीवाला, विमान, बेडूक, मछली. मिलिंद गहिवरून बघत राहिला. मग डोळे पुसून त्याने 'दोन भाऊ' लावला. डाव्या बाजूला स्टूल अजून तसंच होतं. ते हलवायला नको म्हणून असेल, तो उजवीकडे उभा राहिला.

यशोधरा फुलांची ऑर्डर सांगायला फोन हातात घेत होती.

"ताई, दुसऱ्या बाजूचं बटण मेलंय."

तिने फोन खाली ठेवला. "काय?"

"बटण. उडीचं. चालतच नाहीये."

"तू नीट दाबलंस?"

"अगं, बटण दाबायला काय नीट नि वाकडं? हे बघ." त्याने दाबलं. निळा भाऊ हलला नाही. तो जोरजोरात दाबत राहिला, खटखट, खटखट, आणि यशोधरा त्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली ते बटण मेलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"कीबोर्ड बदल," मिलिंद म्हणाला. "नाहीतर राहू दे, एकालाच खेळू दे." खुर्च्यावाला आल्याची हाक आली, तसा तो बाहेर गेला.

तिने गेम बंद केला आणि नोटपॅड उघडलं. उजवी दांडी वर केली, पानावर एक अक्षर उमटलं. खाली, डावीकडे, उजवीकडे. प्रत्येक वेळी अक्षर. उडीचं बटण दाबलं. पान तसंच. म्हणजे एम्युलेटरचा दोष नव्हता, त्याच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. तिने मागची फळी काढून कीबोर्डच्या आतल्या उघड्या सर्किटच्या पट्टीवर त्या बटणाची दोन टोकं तारेने एकमेकांना टेकवली. अक्षर उमटलं. पट्टी ठीक. मग बटण? दोन्ही बाजूंची बटणं सोडवून तिने अदलाबदल केली. उजवीकडचं बटण डावीकडे उत्तम चालायला लागलं.

राहिली वायर.

तिने दांड्यांची वरची फळी बिजागरीवर उघडून उलटी केली. बाकी सगळ्या वायरी बटणांपासून थेट पट्टीकडे उतरत होत्या. एकच वायर, उजवीकडच्या उडीची, वाकडी वाट करून मधोमध गेली होती. तिथे फळीच्या पुढच्या कडेखाली, स्टुलावर बसलेल्या माणसाचा गुडघ्यावरचा हात सहज पोचेल अशा जागी, दोन स्क्रूंनी एक छोटा स्विच बसवलेला होता. वायर त्यात शिरत होती आणि त्यातून बाहेर पडत होती. स्विचचा दांडा बंदच्या बाजूला होता.

तिने त्याला हात लावला नाही. ती नुसती बघत राहिली.

पार्लरमध्ये एखादं हुशार पोर एका टोकनवर अख्खी दुपार काढायचं. मागे रांग ताटकळायची. मग कधीतरी वडील गल्ल्यावरून उठून, "काय म्हणतोस?" करत त्याच्या शेजारी जाऊन उभे राहायचे. थोड्याच वेळात ते पोर ओरडायचं, "महेंद्रशेठ, बटण मेलं!" वडील वाकून बटण दाबून दाखवायचे, चालायचं. सगळे हसायचे. तोवर डाव गेलेला असायचा. गल्ल्यावर बसून तीसुद्धा हसायची.

स्विच जुना होता, त्याचा पत्रा काळवंडलेला. तिने मान वाकवून सोल्डर पाहिलं. ते नवं होतं. चकचकीत होतं. मशीन घरी आल्यावर, गिऱ्हाईक नसताना, रांग नसताना, वडिलांनी सगळ्या वायरी नव्याने घातल्या होत्या, आणि ही एक आठवणीने पुन्हा त्या स्विचमधून नेली होती. मिलिंद पुण्याला गेल्यावर या घरात त्यांच्याशी जोडीने खेळणारं तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

"सापडलं वाटतं," आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पांढऱ्या साडीचा पदर तिने खांद्यावर ओढून घेतला.

"तुला माहीत होतं?"

"घरात राहते मी."

"तेव्हापासून?"

रखमा येऊन स्टुलावर बसली. वडील गेल्यापासून त्या स्टुलावर कुणी बसलं नव्हतं. "एकालाच पाठवता येत होतं," ती म्हणाली. "तू आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार होतीस. गेली नाहीस, ते वेगळं."

"मग तसं सांगायचं होतं."

"कुणी? त्यांनी? या घरात? भीमराव भाऊजींच्या समोर म्हणायचं, मुलीला घरी बसवतो नि मुलाला शिकवतो? विहारात शिक्षणावर भाषणं करणारा माणूस तो. कुठे तोंड दाखवलं असतं?" तिने उलट्या फळीकडे बोट केलं. "सरळ सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस. उपास धरला असतास. हरलीस, म्हणून गप बसलीस."

यशोधराच्या हातात स्क्रू होता. तो तिने दुसऱ्या हातात घेतला.

"आणि गेल्या रविवारी, आई? गेल्या रविवारी कुणाचं ॲडमिशन होतं?"

आईने दाराकडे पाहिलं. बाहेर बांबू उतरवल्याचा आवाज येत होता.

"तू एकदा जिंकली असतीस," ती म्हणाली, "तर आधीचंही सगळं उघडं पडलं असतं." मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "ते चालू कर नि फळी लावून टाक. आणि उद्या तुला बोलायला उभं करतील. गेलेल्या माणसाबद्दल चार चांगले शब्द बोल नि खाली बस. मिलिंदला सांगू नकोस, लागेल त्याला."

यशोधराने स्विच सरकवला. टक् असा बारीक आवाज झाला. तिने फळी लावली, स्क्रू पिळले, मशीन चालू केलं आणि एकटीच उजवीकडे उभी राहून खेळली. डावीकडचा लाल भाऊ जागच्या जागी उभा होता. पुलाच्या टोकाशी तिने बटण दाबलं आणि निळा भाऊ उडाला. पलीकडे एक विहीर होती, एक कुंपण होतं, आणि एक झेंडा. बस, एवढंच. रोज सकाळी नोकरीवर जाण्याआधी चहाचा कप विसळावा तसं तिने शांतपणे मशीन बंद केलं.

रविवारी मांडव भरला. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील दिलं, सगळ्यांनी मागून म्हटलं. वडिलांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या तेवत होत्या आणि कोपऱ्यात मशीनच्या पडद्यावर त्यांचा तोच चेहरा नावांखालून बघत होता.

भीमराव काका पहिले बोलले. त्यांचा आवाज आता थरथरत होता. "महेंद्र बोलका सुधारक नव्हता," ते म्हणाले. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. घरात पैसा एकापुरता. दुसरा बाप असता तर मुलाला पाठवून मोकळा झाला असता. यानं काय केलं? मुलाला आणि मुलीला एका मशीनवर उभं केलं. म्हणाला, जो जिंकेल तो शिकेल. असा न्याय! मुलगी हरली, तर सगळ्यांत जास्त वाईट यालाच वाटलं. आजच्या तरुणांनी हा आदर्श घ्यावा."

टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून कुणी वाजवल्या नाहीत, पण माना डोलल्या. पहिल्या रांगेत आईने डोळ्यांना पदर लावला. मिलिंद मान खाली घालून बसला होता. त्याच्या शेजारणीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

मग बदलापूरहून आलेला जनू उठला. पार्लरचं जुनं गिऱ्हाईक, आता तिथेच कात्रपला त्याची स्वतःची रिक्षा होती. "मी काय भाषणवाला नाय," तो म्हणाला. "पन एक सांगतो. शेठच्या पार्लरमधे मी किंग होतो. पन मी हायस्कोरला आलो, की शेठ बाजूला येऊन उभे, नि माझं बटण मेलंच समजा! शेठ दाबायचे तर चालू! काय जादू होती काय म्हायत. शेवटपर्यंत नाय समजलं आपल्याला." मांडव हसला. दुःखाच्या घरी कुणीतरी हसवलं म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. काही जण वळून मशीनकडे बघू लागले.

"आता यशोधरा," भीमराव काका म्हणाले. "ये बाळा. दोन शब्द."

ती पुढे गेली. पांढरा ड्रेस, हातात माईक. आईने पदर डोळ्यांवरून काढला आणि तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले नाहीत, पण मान किंचित, नकळत म्हणावी इतकी किंचित, आडवी हलली.

"पप्पांनी मला गेल्या रविवारी पार्लरची यादी सांगितली," यशोधरा म्हणाली. "डोळे मिटून. एकही मशीन चुकलं नाही." माईकमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता. "पप्पा रडी खेळायचे."

पुन्हा हशा पिकला, आधीपेक्षा मोठा. जनूने मांडीवर थाप मारली. "आता बोलली बघ पोरगी!" काकांनी हसता हसता चष्मा काढून पुसला. लेक बापाची लाडाने थट्टा करते आहे, असं सगळ्यांना वाटलं. मिलिंदही ओल्या डोळ्यांनी हसला. हसली नाही ती फक्त आई.

यशोधरा हसू ओसरण्याची वाट बघत उभी राहिली. ते सावकाश ओसरलं. शेवटची माणसं गप्प झाली, कुणीतरी खोकलं, खुर्ची करकरली. तिने माईक तोंडाजवळ घेतला.

"पुलावर त्यांनी माझं बटण खालून बंद केलं होतं," ती म्हणाली. "मी हरले नव्हते."